अबीगईल अ‍ॅडम्स : युद्धकाळात शेत राखणारी माता

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दोन स्त्रिया आपणांस भेटतात. एक हन्ना. तिने आपला लाडका शमुवेल कोवळ्या वयातच शिलो येथे परमेश्वराच्या मंदिरात ठेविला, आणि दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. दुसरी अबीगईल. दाविदाची चारशे माणसे तलवारी बांधून चालून येत असता तिने भाकरी, द्राक्षारस व हुरडा गाढवांवर लादला, आणि स्वतः सामोरी जाऊन आपले घर वाचविले. आज ज्या बाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांचे नाव अबीगईल होते आणि घर राखण्याचे कामही त्यांस त्या पहिल्या अबीगईलसारखेच पडले. परंतु हन्नेचे दुःखही त्यांच्या वाट्यास आले. हन्नेस वर्षातून एकदा तरी लेकराचे मुख दिसे व त्याच्या झग्याचे माप घेता येई. या बाईंचा मुलगा समुद्रापार होता. तो केवढा झाला हे त्यांस वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते.

अबीगईलबाई अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या राहणाऱ्या. हा प्रांत आपणांस अगदीच परका नाही. १८१३ साली मुंबईस आलेले मिशनरी गॉर्डन हॉल याच प्रांतातले. आणि ते मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा आमच्या या बाई आपल्या गावी अडुसष्ट वर्षांच्या वृद्धा होऊन हयात होत्या. त्यांचे पती जॉन अ‍ॅडम्स हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे दुसरे अध्यक्ष, व त्यांचे थोरले चिरंजीव जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हे सहावे अध्यक्ष झाले. परंतु या मोठेपणाची गोष्ट सांगण्याचा आमचा हेतू नाही. तो मान येण्यापूर्वीची दहा वर्षे त्या बाईंनी एका खडकाळ शेतावर कशी काढिली, हेच सांगावयाचे आहे.

त्यांचा जन्म १७४४ साली वेमथ गावी झाला. वडील विल्यम स्मिथ हे तेथील मंडळीचे पाळक होते. मुलींस शाळेत पाठविण्याची चाल त्या काळी तेथेही फारशी नव्हती, आणि मुलीची प्रकृतीही नाजूक. म्हणून अबीगईलने शाळेची पायरी कधी चढली नाही. वडिलांच्या व आजोबांच्या घरी पुस्तके होती. तीच तिची शाळा. आपले शुद्धलेखन नीट नाही याची त्यांस जन्मभर लाज वाटे. तरीही त्यांनी इतकी पत्रे लिहिली की, पतिपत्नींनी एकमेकांस पाठविलेली अकराशेहून अधिक पत्रे आजही जपून ठेविलेली आहेत. त्यांच्या आयुष्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते पुष्कळसे या पत्रांवरूनच.

१७६४ साली जॉन अ‍ॅडम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जॉन हे शेतकऱ्याचे पुत्र. शिकून वकील झाले होते. बोस्टन शहरापासून सुमारे दहा मैलांवर ब्रेनट्री गावी त्यांचे लहानसे घर व थोडी शेती होती. संसारात नॅबी नावाची थोरली मुलगी, मग जॉन क्विन्सी, चार्ल्स व थॉमस असे तीन मुलगे झाले. सुझाना नावाची आणखी एक मुलगी झाली, पण ती तेरा महिन्यांची होऊन वारली.

१७७४ साली ऑगस्ट महिन्यात जॉन यांस फिलाडेल्फिया येथे भरलेल्या काँग्रेसमध्ये प्रतिनिधी म्हणून जावे लागले. ते शहर घरापासून तीनशे मैलांहून दूर. इंग्लंडचे सरकार व अमेरिकेतील वसाहती यांमधील भांडण विकोपास जात होते. पुढील वर्षी एप्रिलात लेक्झिंग्टन व कॉन्कर्ड येथे पहिल्या गोळ्या सुटल्या, आणि युद्ध अबीगईलबाईंच्या अंगणात येऊन उभे राहिले. त्यांचे घर हमरस्त्यावर होते. बोस्टनहून पळून आलेली कुटुंबे व गावोगावचे शिपाई त्याच रस्त्याने जात. कोणी पाणी मागे, कोणी रात्रीचा आसरा. बाईंनी कोणास विन्मुख दवडिले नाही. घरातील कथिलाचे चमचे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतताना लहान जॉन क्विन्सीने आपल्या आईस पाहिले, आणि हे चित्र तो म्हातारपणापर्यंत विसरला नाही.

१७ जून १७७५ रोजी पहाटेपासून तोफांचा गडगडाट ऐकू येऊ लागला. बाई त्या मुलाचा हात धरून जवळच्या पेन टेकडीवर चढल्या. खाडीपलीकडे चार्ल्सटाउन गाव जळत होते. बंकर टेकडीची ती लढाई. त्या दिवशी डॉक्टर जोसेफ वॉरन मारले गेले. काही काळापूर्वी जॉन क्विन्सीचे मोडलेले बोट कापून टाकण्याची वेळ आली असता ते ज्यांनी वाचविले होते, तेच हे डॉक्टर. आठ वर्षांच्या आतल्या मुलास युद्ध म्हणजे काय हे त्या टेकडीवर कळले. शत्रू केव्हा किनाऱ्यावर उतरेल याचा नेम नव्हता. मुलांस घेऊन पळावयाचे झाले तर कोठे जावे, हा विचार बाईंच्या मनात रोज घोळत असे. परंतु शेत टाकून त्या गेल्या नाहीत.

शत्रूपेक्षाही मोठे संकट शरद ऋतूत आले. सैन्याच्या छावण्यांतून आमांशाची साथ गावोगाव पसरली. जॉन यांचे धाकटे बंधू एलिहू छावणीतच वारले. बाईंच्या घरी प्रथम नोकर मुलगा, मग स्वतः त्या, मग तीन वर्षांचा थॉमस आजारी पडला. पॅटी नावाची कामवाली मुलगी कित्येक दिवस तळमळून मरण पावली. बाईंच्या मातोश्री रोज वेमथहून शुश्रूषेस येत. त्यांसही साथीने गाठिले आणि १ ऑक्टोबर रोजी त्यांनी प्राण सोडिला. पती तीनशे मैल दूर. एका हाताने आईचे डोळे मिटावे व दुसऱ्याने लेकराच्या तोंडी औषध घालावे, अशी ती वेळ होती. त्या दिवसांतील त्यांची पत्रे ईयोबाच्या पुस्तकाची आठवण करून देतात. दुःख झाकलेले नाही, आणि देवावरचा भरवसाही सोडिलेला नाही.

आता शेतीकडे पाहू. जमीन दगडाळ व पातळ. शेणखत व समुद्राकाठचे शेवाळ घातल्यावाचून तीत काही पिकत नसे. मका, गुरांसाठी गवत, सफरचंदांची झाडे, काही गाई, काही मेंढ्या, असा तो पसारा. गवत वेळेवर कापून गंजी रचिली नाही तर बर्फाच्या महिन्यांत गुरे उपाशी मरावयाची. आणि कापणार कोण? गावातील धट्टेकट्टे गडी फौजेत गेले, काही खाजगी लढाऊ जहाजांवर लुटीच्या आशेने गेले. जे उरले त्यांची मजुरी आकाशास भिडली. काँग्रेसने छापलेल्या कागदी नोटांची किंमत तर दर महिन्यास उतरत गेली. १७८० साली खुद्द काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलर एका चांदीच्या डॉलरबरोबर धरले. बाहेरून कापड येणे बंद झाले, म्हणून बाई घरची लोकर व जवसाचे सूत काती आणि मुलांस तेच कपडे घालीत. साधी टाचणी मिळेना, मीठ मिळेना, साखर मिळेना.

पतीने प्रथम प्रथम लांबूनच शेतीच्या सूचना लिहिल्या. परंतु हळूहळू सूचना कमी झाल्या, व बाईंचेच निर्णय चालू लागले. त्यांची व्यवस्था इतकी चोख होती की, आपल्या माघारी शेत अधिक चांगले चालते असे शेजाऱ्यांस वाटावयाचे, अशी थट्टा खुद्द जॉन यांनी पत्रातून केली. मजूर परवडेनासे झाले तेव्हा बाईंनी हट्ट धरिला नाही. १७७८ साली त्यांनी शेत अर्धेलीने दिले. पुढे पती युरोपात असता त्यांच्याकडून हातरुमाल, फिती, चहा, टाचण्या असा बारीकसारीक माल पेट्यांतून मागवून तो ओळखीच्या माणसांकरवी विकविला व घरखर्च चालविला. कर दिले, कर्ज केले नाही. त्या देशाच्या कायद्याने विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या नावावर एक बिघाही नसे. तरी त्या कुटुंबाच्या मालमत्तेच्या खऱ्या राखणदार होत्या. नवे कायदे कराल तेव्हा स्त्रियांची आठवण ठेवा व नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, अशा अर्थाची विनंती त्यांनी १७७६ च्या मार्चात पतीस केली होती. ती त्या वेळी हसण्यावारी गेली.

१७७६ च्या उन्हाळ्यात त्या चारही मुलांस घेऊन बोस्टनला गेल्या व सर्वांस देवी टोचून घेतल्या. जेन्नर साहेबांची गायीच्या देवीची लस तेव्हा निघाली नव्हती. खऱ्या देवीचाच पू टोचीत, आणि तीत कोणी दगावतही असे. नॅबीस फार त्रास झाला. चार्ल्सची टोचणी पुनःपुन्हा फुकट गेली आणि अखेर त्यास खऱ्या देवी निघून तो तापात बरळत पडला. त्याच मुक्कामात, १८ जुलै रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा चौकात वाचलेला त्यांनी ऐकिला. पुढील वर्षी जुलैत त्यांस मेलेली मुलगी झाली. पती तेव्हाही घरी नव्हते.

इतके सोसल्यावर खरी परीक्षा पुढेच होती. १७७८ साली जॉन यांस फ्रान्समध्ये वकील म्हणून जावे लागले, आणि दहा वर्षांच्या जॉन क्विन्सीने बरोबर जाण्याचा हट्ट धरिला. समुद्रावर इंग्रजांची जहाजे फिरत होती. पकडले गेल्यास बापावर राजद्रोहाचा आरोप येणार. हिवाळ्यातील अटलांटिक महासागर तर त्याहून भयंकर. आईने होकार दिला. घरी ठेविले तर मुलगा सुरक्षित राहील, पण बापाच्या सहवासास व विद्येस मुकेल, असा विचार तिने केला. १३ फेब्रुवारीस ते निघाले. वाटेत जहाजावर वीज कोसळली, वादळे झाली, शत्रूच्या जहाजाशी चकमक झाली. यांतले काहीच घरी कळले नाही. उलट जहाज पकडले गेल्याची अफवा गावात आली. उन्हाळा लागला तेव्हा कोठे पहिले पत्र पोहोचले. चार महिने त्या माउलीने मक्याची पेरणी करून घेतली, धाकट्यांचे धडे घेतले, आणि रात्री दिवा मालविल्यावर काय केले ते तिचे तिला व तिच्या देवाला ठाऊक.

त्या वेळी मुलास लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी फार कठोर गोष्ट लिहिली. तू दुर्वर्तनी झालेला पाहण्यापेक्षा समुद्राने तुला गिळिले असते तरी मला चालले असते, असा त्याचा भाव होता. वाचून अंगावर काटा येतो. दहा वर्षांच्या पोरास असे लिहावे काय, असे आपणांस वाटेल, व ते वाटणे अयोग्य नाही. परंतु ज्या आईस आपल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरविता येत नाही, जिच्याजवळ शाई व कागद एवढेच उरले आहे, तिचे भय पुष्कळदा असे कठोर शब्दांचे रूप घेते. हे आम्ही समर्थन म्हणून नव्हे, तर समजावे म्हणून सांगतो.

१७७९ च्या ऑगस्टात पितापुत्र सुखरूप परतले. घर भरले. आणि तीनच महिन्यांत पुन्हा आज्ञा आली. या खेपेस बारा वर्षांचा जॉन क्विन्सी जाण्यास नाखूश होता. आपल्या गावी राहून कॉलेजची तयारी करावी, अशी त्याची इच्छा. आईनेच त्याची समजूत घालून त्यास पाठविले, आणि त्याच्याबरोबर नऊ वर्षांच्या चार्ल्सलाही. नोव्हेंबरात जहाज निघाले. त्यास भोक पडून आत पाणी येऊ लागले; फ्रान्सऐवजी स्पेनच्या फेरोल बंदरात ते कसेबसे लागले, आणि बापलेकांनी ऐन हिवाळ्यात खेचरांवरून डोंगर ओलांडून पॅरिस गाठिले.

चार्ल्स स्वभावाने कोवळा. शेजारीपाजारी सर्वांचा आवडता. आम्स्टरडाम येथील शाळेत त्यास व त्याच्या भावास घातले. तेथील भाषा येत नसल्याने थोरल्यास लहान मुलांच्या वर्गात बसविले व शिक्षकांशी खटके उडाले. तेथून त्यांस लायडन शहरी नेले. पुढे १७८१ साली चौदा वर्षांचा जॉन क्विन्सी फ्रान्सिस डेना नावाच्या वकिलाचा चिटणीस होऊन रशियात सेंट पीटर्सबर्गास गेला. मागे राहिलेला चार्ल्स तापाने आजारी, आणि आईसाठी झुरणारा. अखेर बापाने त्यास एका ओळखीच्या गृहस्थाबरोबर घरी धाडिले. ऑगस्टात निघालेले ते जहाज भलतीकडेच भटकत स्पेनला गेले. तेथे दुसरे जहाज धरावे लागले. आणि अकरा वर्षांचा तो पोरगा १७८२ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यास लागला. पाच महिने. तो कोणत्या समुद्रावर आहे, जिवंत आहे की नाही, हे आईस कळण्यास मार्ग नव्हता.

१७८३ साली तह होऊन युद्ध संपले. पतीने बोलाविले, परंतु वृद्ध वडील आजारी होते. त्यांस टाकून जाणे बाईंस अशक्य वाटले. त्या सप्टेंबरात वडील वारले. त्यांनी मृत्युपत्राने फीबी नावाच्या आपल्या गुलाम स्त्रीस मुक्त केले. येथे एक खेदाची गोष्टही सांगितली पाहिजे. पाळकाच्या घरीही गुलाम होते, हा त्या काळचा कलंक. बाईंस गुलामगिरीचा मनापासून तिटकारा होता, व तो त्यांनी लिहून ठेविला आहे. १७८४ साली त्या निघाल्या तेव्हा घराच्या किल्ल्या त्यांनी याच फीबीच्या व तिच्या नवऱ्याच्या हाती विश्वासाने दिल्या.

परंतु एका लेकराकडे जावयाचे म्हणजे दोघांस सोडावयाचे. चौदा वर्षांचा चार्ल्स व अकरा वर्षांचा थॉमस यांस बाईंनी हेव्हरिल गावी आपल्या बहिणीकडे ठेविले. बहिणीचे यजमान तेथील पाळक होते व मुलांस शिकवीत. मग नॅबीस घेऊन, पूर्वी कधी समुद्रप्रवास न केलेल्या त्या बाई जूनमध्ये जहाजावर चढल्या. महिन्याने त्या इंग्लंडास उतरल्या. जुलै अखेरीस लंडनच्या बिऱ्हाडात एक उंच तरुण दारातून आत आला. बाई थबकून मागे सरल्या. त्याने आई म्हणून हाक मारिली तेव्हा ओळख पटली. बारा वर्षांचा गेलेला मुलगा सतरा वर्षांचा पुरुष होऊन समोर उभा होता. त्याच्या चेहऱ्यात पूर्वीचे असे फक्त डोळे राहिले होते. मधली पावणेपाच वर्षे कोणी परत देणार नव्हते.

पुढील हकिकत थोडक्यात सांगू. १७८८ साली कुटुंब मायदेशी परतले. जॉन अ‍ॅडम्स १७९७ ते १८०१ पर्यंत अध्यक्ष होते. त्याच सुमारास बाईंनी आपल्या घरच्या एका कृष्णवर्णीय नोकर मुलास स्वतः लिहावाचावयास शिकवून गावच्या शाळेत घातले. एका शेजाऱ्याने हरकत घेतली. तेव्हा मनुष्याच्या रंगावरून त्यास विद्या नाकारणे ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून नाही, असे बाईंनी त्यास स्पष्ट सांगितले, आणि मुलगा शाळेत राहिला. जॉन क्विन्सी मोठ्या पदांस चढला. आईने त्यास अध्यक्ष झालेला पाहिला नाही. १८१८ च्या ऑक्टोबरात त्या निवर्तल्या, व तो मान त्यास १८२५ साली मिळाला. म्हातारपणी काँग्रेसचा सभासद असता गुलामगिरीविरुद्धचे अर्ज दाबून टाकणाऱ्या नियमाशी तो १८३६ पासून झगडला, आणि १८४४ साली तो नियम रद्द करवूनच थांबला.

आणि चार्ल्स? तो वकील झाला, त्याने संसार थाटिला, परंतु दारूच्या पाशात सापडला. बापाने त्याचे तोंड पाहणे सोडिले. १८०० च्या नोव्हेंबरात आई न्यूयॉर्कमधून जात असता त्याच्या अंथरुणापाशी गेली. महिन्याच्या अखेरीस तो तिसाव्या वर्षी मरण पावला. १७७९ चा वियोग याच दोन भावांनी एका जहाजावर बसून सोसला होता. एक ताठ उभा राहिला, दुसरा वाकला. असे का झाले, हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. बाईंनीही मुलावर राग धरिला नाही. त्याच्या लहान मुलीस त्यांनी आपल्या घरी आणून वाढविले.

प्रिय वाचकहो, चरित्र लिहिणारे पुष्कळदा यशाचा धागा धरून आईची थोरवी सांगतात. मुलगा अध्यक्ष झाला म्हणून आई धन्य. तसे असेल तर चार्ल्सच्या आईस काय म्हणावे? ती तर तीच आई होती. तेच शेत, तीच पत्रे, तीच प्रार्थना. म्हणून या बाईंची थोरवी आम्ही फळावरून मोजीत नाही. मुले दूर गेली तरी आपले आईपण संपले असे त्यांनी मानिले नाही, येथे ती आहे. मुलांस परतावयास घर असावे म्हणून त्यांनी दगडाळ शेत पडीक पडू दिले नाही. जहाज बुडो की पकडले जावो, पत्र लिहिणे थांबविले नाही. आणि जो हरला त्याच्याही उशाशी जाऊन बसण्यास त्या चुकल्या नाहीत.

आपल्या मंडळ्यांतूनही शाळेसाठी, चाकरीसाठी लेकरे दूर गेलेली आहेत. कोणाचे मूल नावलौकिकास चढेल, कोणाचे वाट चुकेल. उपदेशक बंधूंनो, पहिल्याच्या आईचे अभिनंदन करण्यास सारा गाव जमतो. तुम्ही दुसरीच्या दारी जा. आणि मातांनो, शेत राखा, दिवा लावून ठेवा, व लेकरास निरोप धाडण्यास उद्यावर टाकू नका. त्याच्या झग्याचे माप तुम्हांस ठाऊक नसेल. ज्याच्या हाती ते आहे त्याला ठाऊक आहे.